'कुणी दिली' नावाचा रकाना

संग्राहक माणूस सुरुवातीला वस्तू गोळा करतो. पुढं वस्तूच त्याला गोळा करतात. पाचशेव्या काडेपेटीनंतर घरातलं कपाट त्याचं राहत नाही, आणि घरातली माणसं त्याची राहतील याचीही खात्री नसते. मग यादी जन्माला येते.

या यादीचं घराणं मोठं खानदानी. स्वीडनचा लिनियस झाडाझुडपांना नावं ठेवायचा. (आपण शेजाऱ्यांना ठेवतो, तशी नव्हे!) 1760च्या दशकात त्यानं माहितीसाठी एका मापाचे सुटे कागद वापरायला घेतले. बांधलेल्या वहीत मध्येच नवा पाहुणा बसवता येत नाही; सुट्या चिठ्ठ्या मात्र सरकून जागा देतात. पुढं इंग्लंडात, प्लिमथच्या स्टॅन्ली गिबन्सनं 1865 साली पोस्टाच्या तिकिटांची किंमतयादी छापली आणि छंदाला बाजारभाव आला. आपल्या रंगनाथनांना 1924 साली लंडनच्या एका दुकानात मेकॅनोचे सुटे भाग जोडताना पाहून ग्रंथ लावायची युक्ती सुचली. तिचं 1933 साली कोलन वर्गीकरण झालं. 1970 साली कॉडनं माहितीचे तक्ते एकमेकांशी जोडायचं गणित मांडलं. त्या तक्त्यांची नातवंडं आता मोबाईलमध्ये नांदतात.

आमचा भाचा सध्या असंच एक ॲप बनवतोय, खास माझ्या काडेपेट्यांसाठी.

"मामा, रकाने सांग. नाव, साल, देश, किंमत, अवस्था. आणखी?"

"कुणी दिली."

"तो ऐच्छिक ठेवतो."

इथं माझं नि संगणकाचं बिनसलं. पुण्याच्या दिनकर केळकरांनी 1920च्या सुमारास जुन्या वस्तू जमवायला सुरुवात केली. दिवे, अडकित्ते, वाद्यं, इतकंच काय, कोथरूडचा मस्तानीचा महालसुद्धा! हजारो वस्तूंचा हा संसार त्यांनी सरकारला देऊन टाकला. पण त्याला नाव दिलं राजाचं. राजा म्हणजे कुणी सिंहासनावरचा नव्हे. सातव्या वर्षी गेलेला त्यांचा मुलगा. आता हे कुठल्या रकान्यात भरणार? साल, देश की अवस्था?

संग्राहकाच्या मागं वस्तूची किंमत कुणीही सांगतो. रद्दीवालासुद्धा सांगतो, फक्त कमी सांगतो. ती कुणाच्या हातून आली, हे एकट्या संग्राहकालाच ठाऊक असतं, आणि तो तर गेलेला असतो!

भाच्यानं मुकाट्यानं रकाना सक्तीचा केला. पहिली नोंद मीच केली. वस्तू: वाघाच्या चित्राची काडेपेटी. किंमत: काही नाही. अवस्था: कोपरा जळका. कुणी दिली: आईनं, देवापुढचा दिवा लावून झाल्यावर.