सीडी घरी नेण्याचा हक्क

१/ महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालये अधिनियम १९६७ चा. पुढच्याच वर्षी पूर्णा नदीवरील येलदरी धरण पूर्ण झाले. या कायद्याने गावोगावच्या वाचनालयांना शासनमान्यता व अनुदान मिळू लागले. वाचनालयातून पुस्तक घरी नेणे आपल्याला स्वाभाविक वाटते. सॉफ्टवेअरच्या सीडीबाबत मात्र हा हक्क कायद्याला स्वतंत्रपणे मान्य करावा लागला. आजचा थ्रेड त्याविषयी.

२/ विकत घेतलेले पुस्तक कोणालाही वाचायला देता येते. १९८४ मध्ये संगणक प्रोग्राम भारतीय कॉपीराइट कायद्याच्या कक्षेत आले. १९९४ च्या दुरुस्तीने, विकली गेलेली प्रतसुद्धा भाड्याने देण्याचा अधिकार मालकाकडेच राखला. कारण उघड होते : परत केलेल्या पुस्तकाची प्रत घरी उरत नाही, सीडीची मात्र काही मिनिटांत करता येते.

३/ अमेरिकेने १९९० मध्ये सॉफ्टवेअर व्यापारी भाड्याने देण्यास मनाई केली; ना-नफा ग्रंथालयांना मात्र वेष्टनावर इशारा छापण्याच्या अटीवर सूट दिली. भारतात १९९९ च्या दुरुस्तीने बंधन ‘व्यापारी भाड्या’पुरते मर्यादित झाले, परंतु या शब्दाची व्याख्या झाली नव्हती. ना-नफा ग्रंथालयाने कायदेशीर प्रत उसनी देणे हे व्यापारी भाडे नव्हे, असे २०१२ च्या दुरुस्तीने स्पष्ट केले.

४/ दरम्यान दुसरी वाट तयार झाली होती. रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ मध्ये जीएनयू प्रकल्प जाहीर केला. १९८९ मध्ये जीपीएल हा परवाना आला. वापरा, अभ्यासा, बदला, प्रती वाटा, अशी त्याची अनुज्ञा. ज्या प्रतीची मालकाला भीती, तिचेच येथे स्वागत! सीडी परत करताना घरची प्रत पुसण्याचे कारण नाही. इंग्रजीत एकाच शब्दात अडकलेले दोन अर्थ मराठीत वेगळे आहेत : मोफत आणि मुक्त.

५/ ५६ केबीपीएसच्या डायल-अपवर ७०० एमबीची सीडी उतरवायला किमान २७ तास लागत. परभणीहून निघालेल्या एसटीत तीच सीडी काही तासांत येलदरीला पोहोचू शकते. उबुंटूच्या सीडी २०११ पर्यंत जगभर टपालाने विनामूल्य मिळत, त्या याचसाठी.

६/ आज सॉफ्टवेअर वर्गणीवर मिळते. २०१२ ची सूट ‘प्रती’ला आहे, वर्गणीत ग्रंथालयाच्या हाती प्रतच येत नाही. मग उसने द्यायचे काय? मुक्त सॉफ्टवेअर पेन ड्राइव्हवर का असेना, आजही कपाटात ठेवता येते, नोंदवहीत चढवता येते आणि वाचकाच्या हाती देता येते.