अपूर्ण राहिलेली कारकीर्द आणि इतिहासलेखन : पालवणकर बाळू व पद्माकर शिवलकर यांच्या संदर्भात

'असे घडले असते तर' हा प्रश्न इतिहासाच्या अभ्यासकाने विचारू नये, असा एक शिष्टसंमत संकेत आहे. क्रीडा-इतिहासात मात्र हा प्रश्न टाळता येत नाही. अमेरिकेत लेन बायस या बास्केटबॉलपटूची जून १९८६ मध्ये बोस्टन सेल्टिक्स संघाने निवड केली आणि त्यानंतर दोनच दिवसांत त्याचा मृत्यू झाला. एकही व्यावसायिक सामना न खेळलेल्या या तरुणाची चर्चा आजही होते. परंतु अशी चर्चा बहुधा हळहळीपाशी थांबते. संधी कोणी नाकारली, कोणत्या व्यवस्थेने नाकारली आणि ती नाकारली गेली नसती तर नेमके काय बदलले असते, हे तपासले तरच या प्रश्नाला अभ्यासविषयाचे मोल येते. प्रस्तुत निबंधात मुंबईच्या दोन डावखुऱ्या फिरकी गोलंदाजांच्या कारकीर्दीचा या दृष्टीने विचार केला आहे.

बाळू पालवणकर यांचा जन्म चर्मकार कुटुंबात धारवाड येथे झाला. वडील लष्करी सेवेत असल्याने कुटुंब पुण्यास आले. पारशी मंडळींच्या क्लबात खेळपट्टी झाडण्या-लोटण्याचे काम दरमहा तीन रुपयांवर आणि नंतर युरोपियनांच्या पूना क्लबात चार रुपयांवर बाळू करीत असत. तेथे जे. जी. ग्रेग या नामांकित इंग्रज फलंदाजाला सरावासाठी ते तासन्‌तास गोलंदाजी करीत. प्रत्येक वेळी बाद केल्याबद्दल ग्रेग त्यांना आठ आणे देत, असे सांगितले जाते. मात्र त्यांच्या हाती बॅट कोणी दिली नाही. फलंदाजी हा साहेबांचा खेळ होता. पुढे पुण्याच्या हिंदूंना युरोपियनांस हरविण्यासाठी बाळूंची गरज भासली. मैदानावर त्यांनी टाकलेल्या चेंडूला सर्वांचा स्पर्श चाले. चहापानाच्या वेळी मात्र त्यांना तंबूबाहेर वेगळ्या मातीच्या भांड्यातून चहा मिळे. अस्पृश्यतेच्या व्यवहारातील ही विसंगती क्रीडांगणाइतकी उघड अन्यत्र क्वचितच दिसते.

१९०६ मध्ये मुंबईत हिंदू संघाने युरोपियनांचा १०९ धावांनी पराभव केला, त्यात बाळूंचा वाटा मोठा होता. १९११ मध्ये पतियाळाच्या महाराजांच्या नेतृत्वाखाली अखिल भारतीय संघ इंग्लंडला गेला. संघाची कामगिरी एकंदरीत निराशाजनक ठरली. परंतु बाळूंनी त्या दौऱ्यात शंभराहून अधिक बळी वीसपेक्षा कमी सरासरीने मिळविले. त्या वेळी ते पस्तिशीत होते. भारताचा पहिला अधिकृत कसोटी सामना लॉर्ड्‌सवर १९३२ मध्ये झाला, तेव्हा त्यांचे वय छप्पन्नच्या आसपास होते.

येथे दोन वंचना वेगळ्या करून पाहणे आवश्यक आहे. कसोटीचा दर्जा नसणे ही वसाहतकालीन परिस्थिती होती; तिचा फटका त्या पिढीतील सर्वच भारतीय खेळाडूंना बसला. कर्णधारपद न मिळणे ही मात्र केवळ बाळूंच्या वाट्याला आलेली आणि माणसांनी जाणीवपूर्वक केलेली गोष्ट होती. १९१३ मध्ये कर्णधार झालेल्या एम. डी. पै यांनी हा मान बाळूंना मिळावयास हवा होता, असे स्वतःच सांगितले. १९२० मध्ये बाळूंना वगळले गेले, तेव्हा विठ्ठल आणि शिवराम या त्यांच्या बंधूंनी निषेध म्हणून संघातून माघार घेतली. त्यानंतर बाळूंना उपकर्णधारपद देण्यात आले. १९२३ मध्ये विठ्ठल पालवणकर हिंदू संघाचे कर्णधार झाले आणि संघ विजयी ठरला. म्हणजे 'दलित कर्णधार असता तर काय झाले असते' या प्रश्नाचे उत्तर कल्पनेत शोधण्याची गरज नाही. तीन वर्षांतच ते मैदानावर मिळाले. बाळूंच्या बाबतीत त्याला उशीर झाला होता, एवढेच. पुढे १९३७ च्या निवडणुकीत काँग्रेसतर्फे डॉ. आंबेडकरांविरुद्ध उभे राहून ते सुमारे दोन हजार मतांनी पराभूत झाले. त्या राजकीय प्रकरणाचा विचार स्वतंत्रपणेच व्हावयास हवा.

पद्माकर शिवलकर (१९४०-२०२५) यांची कथा निराळी आहे. येथे जातीची भिंत नव्हती, कोणाचा उघड अन्यायही दाखविता येत नाही. १२४ प्रथम श्रेणी सामन्यांत १९.६९ च्या सरासरीने ५८९ बळी, आणि कसोटी सामने शून्य. १९७२-७३ च्या रणजी अंतिम सामन्यात चेन्नईच्या फिरकीला साथ देणाऱ्या खेळपट्टीवर त्यांनी तामिळनाडूचे १६ धावांत ८ आणि १८ धावांत ५ बळी घेतले. तामिळनाडूचे डाव ८० आणि ६१ धावांत संपले. मुंबईचे ते सलग पंधरावे विजेतेपद होते.

तथापि, त्याच हंगामात बेदी आणि चंद्रशेखर यांच्या बळावर भारताने इंग्लंडविरुद्धची मालिका २-१ अशी जिंकली होती, हेही ध्यानी घेतले पाहिजे. निवड समितीसमोर प्रश्न 'शिवलकर चांगले की वाईट' असा नव्हता. 'बेदींना काढावे काय' असा होता. १९६६ ते १९७९ या काळात बेदींनी ६७ कसोटींत २६६ बळी घेतले. त्यांच्या आधी बापू नाडकर्णी आणि सलीम दुराणी हे डावखुरे होते, आणि ते दोघेही फलंदाजी करीत. बेदींनंतर दिलीप दोशींना संधी मिळाली, तोवर शिवलकर चाळिशीला टेकले होते. १९७४ च्या बंगळूर कसोटीत शिस्तभंगावरून बेदींना वगळण्यात आले. त्या वेळी हरियाणाचे राजिंदर गोयल संघासोबत होते. त्यांनाही अंतिम अकरांत घेतले नाही. रणजी स्पर्धेत ६३७ बळी घेणारे गोयल आणि शिवलकर यांना म्हणूनच एका मापाने मोजले जाते. सुनील गावस्कर यांनी 'आयडॉल्स' या पुस्तकात दोघांनाही स्थान दिले. बेदी दुसऱ्या पिढीत जन्मले असते तर शिवलकर किमान तीसेक कसोटी खेळले असते, हे अनुमान अवाजवी वाटत नाही. पण ते अनुमानच.

अमोल मुझुमदार यांचा उल्लेख याच मालिकेत करावा लागतो. १९८८ मध्ये शालेय सामन्यात तेंडुलकर आणि कांबळी यांची ६६४ धावांची अभेद्य भागीदारी चालू असताना ते पॅड बांधून बसून होते. १९९४ मध्ये प्रथम श्रेणी पदार्पणात त्यांनी २६० धावा केल्या, पुढे ११,१६७ पर्यंत मजल मारली. परंतु द्रविड, गांगुली, लक्ष्मण यांच्या काळात मधल्या फळीत जागा रिकामी झाली नाही. त्यांनी प्रशिक्षित केलेल्या भारतीय महिला संघाने २ नोव्हेंबर २०२५ रोजी नवी मुंबईत विश्वचषक जिंकला. विनोद कांबळी यांचे प्रकरण याच्या उलट आहे : जागा मिळाली, १७ कसोटींत ५४.२० ची सरासरीही राहिली, आणि तेविसाव्या वर्षी कसोटी कारकीर्द संपली.

ही सर्व नावे आपणास ठाऊक आहेत, कारण मुंबई-पुण्याला धावफलक, वृत्तपत्रे आणि क्लब होते. १९५६ पर्यंत हैदराबाद राज्यात असलेल्या बीड जिल्ह्यातील तलवाड्यासारख्या गावी एखादा बाळू जन्मला असता, तर त्याची नोंद करणारी वहीच नव्हती. अपूर्ण कारकीर्दीची नोंद होण्यासाठीही आधी कारकीर्दीचा आरंभ कोठेतरी कागदावर उमटावा लागतो.

शिवलकरांना २०१७ मध्ये गोयल यांच्यासमवेत सी. के. नायडू जीवनगौरव पुरस्कार मिळाला. १९८७-८८ च्या हंगामात, वयाच्या सत्तेचाळिसाव्या वर्षी, मुंबईने त्यांना पुन्हा बोलाविले होते. त्या हंगामात ते दोन सामने खेळले.