घोड्याच्या ई जीवनसत्त्वाची कुळकथा

घोड्याच्या चंदीत ई जीवनसत्त्वाची भुकटी मिसळण्यामागे दोन समज जुने आहेत. एक, त्याने घोडी लवकर गाभण राहते. दुसरा, त्याने घोडा अधिक वेगाने धावतो. या दोन्ही समजांचा उगम घोड्याच्या शरीरात नाही. पहिला आला उंदरांच्या प्रयोगशाळेतून, दुसऱ्याला बळ मिळाले शर्यतीच्या जगातून. घोड्याला हे जीवनसत्त्व नेमके कशासाठी लागते, हे घोड्यानेच दाखवून दिले, पण त्याला कित्येक दशके लागली आणि ते कळले माणसाने त्याच्यापुढचे हिरवे गवत काढून घेतल्यावर. म्हणून ई जीवनसत्त्वाकडे टॉनिक म्हणून पाहणे चूक आहे. ते हिरावून घेतलेल्या कुरणाची भरपाई आहे, आणि त्याचा इतिहास हेच सांगतो.

या इतिहासाची सुरुवात 1922 साली कॅलिफोर्नियातील बर्कले येथे झाली. हर्बर्ट इव्हान्स आणि कॅथरीन बिशप हे दोघे उंदरांना ठरावीक शुद्ध आहार देत होते: दुधातले केसीन, स्टार्च, डुकराची चरबी, क्षार. उंदीर वाढत होते, तरतरीत दिसत होते, माद्यांना गर्भही राहत होता, पण तो पोटातच विरून जाई. आहारात लेट्यूसची हिरवी पाने घातली की पिल्ले सुखरूप जन्मत. पुढे गव्हाच्या अंकुरात आणि सुकवलेल्या लसूणघासाच्या पानांतही हाच गुण आढळला. लसूणघास ही तर घोड्याची नेहमीची वैरण. म्हणजे या जीवनसत्त्वाच्या ओळखीत घोड्याचा चारा पहिल्यापासून हजर होता, फक्त घोड्याचा विचार कोणी केला नव्हता. ‘ड’च्या पुढचे ‘ई’ हे अक्षर त्याला 1924 मध्ये बार्नेट शुअर यांनी दिले. 1936 मध्ये इव्हान्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गव्हाच्या अंकुराच्या तेलातून ते वेगळे काढले, 1938 मध्ये एर्हार्ड फर्नहोल्ट्झ यांनी त्याची रचना मांडली आणि त्याच वर्षी पॉल कारर यांनी ते कृत्रिमरीत्या तयार केले. तोवर ‘वंध्यत्व घालवणारे जीवनसत्त्व’ ही त्याची ख्याती पक्की झाली होती.

वास्तविक वेगळा पुरावा तेव्हाही समोर होता. ई जीवनसत्त्व कमी मिळालेल्या उंदरिणींच्या दूध पिणाऱ्या पिल्लांना पक्षाघात होतो, असे इव्हान्स आणि बर यांनी 1928 मध्येच नोंदवले होते. 1931 मध्ये गेट्श आणि पापेनहायमर यांनी गिनीपिग व सशांमध्ये निव्वळ आहारामुळे स्नायू झिजतात हे दाखवले. या पदार्थाचे मूळ काम गर्भापुरते नाही, हे त्यातून सूचित होत होते. पेशींच्या आवरणातील मेदाम्लांचा प्राणवायूशी संयोग होऊन ती एकामागून एक नासू लागली की ई जीवनसत्त्व मध्ये पडून ती साखळी तोडते. वनस्पती ते बनवते ती स्वतःसाठी: उन्हात काम करणाऱ्या हिरव्या पानातील नाजूक मेद वाचावेत म्हणून. क जीवनसत्त्व घोडा यकृतात स्वतः बनवतो, के त्याच्या आतड्यातील जिवाणू पुरवतात; ई मात्र कोणत्याच प्राण्याला बनवता येत नाही. ते पानातून घ्यावे लागते, आणि चरणाऱ्या घोड्याला ते दिवसभर मिळत असते.

पण घोड्यांच्या जगात ते पोहोचले ते कॅनडातून आणि वेगळ्याच आशेने. ओंटारिओतील लंडन शहरात इव्हान आणि विल्फ्रिड श्यूट हे डॉक्टर बंधू 1940च्या दशकापासून हृदयविकारावर मोठ्या मात्रेत ई जीवनसत्त्व देत होते. त्याच वातावरणात डार्लिंग्टन आणि चॅसेल्स यांनी शर्यतीच्या थरोब्रेड घोड्यांना भरपूर मात्रा देऊन प्रजनन आणि धाव दोन्ही सुधारल्याचे 1956 मध्ये मांडले. घोडे जिंकले होते, माद्या व्यायल्या होत्या, मग यात खोट काय, असे कोणी विचारील. खोट अशी की शर्यतीतले यश रक्त, सराव, जॉकी, धावपट्टी आणि प्रतिस्पर्धी या सगळ्यांवर ठरते. एका भुकटीचा वाटा त्यातून वेगळा काढायचा तर बाकी सर्व बाबतींत सारखेच, पण ती न मिळालेले घोडे शेजारी उभे करावे लागतात. शिवाय ज्या घोड्यात कमतरता नाही, त्याला आणखी देऊन अधिक वेग मिळतो असे सिद्ध झालेले नाही. कमतरता भरून काढणे आणि क्षमता वाढवणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. हा फरक पुसला गेल्यामुळेच ई जीवनसत्त्वाचे टॉनिक झाले.

घोड्याची स्वतःची साक्ष सुरू होते 1977 पासून. त्या वर्षी मेह्यू आणि सहकाऱ्यांनी तरुण घोड्यांतील एका विकाराचे वर्णन केले: मज्जारज्जू आणि मेंदूच्या तळाकडील तंतू झिजतात, शिंगराचे पाय अडखळतात, आपला पाय कुठे पडतो याचे भान सुटते. 1983 मध्ये मंगोलियाच्या सहा रानटी घोड्यांत अशीच झीज आणि रक्तात ई जीवनसत्त्वाची कमतरता एकत्र सापडली. गवताळ प्रदेशात घडलेली ही जात बंदिस्त जागेत राहत होती. मग 1990 मध्ये कॉर्नेल विद्यापीठातील जॉन कमिंग्ज आणि सहकाऱ्यांनी प्रौढ घोड्यांचा एक नवा आजार समोर ठेवला. घोडा नीट खातो, तरी वाळत जातो. उभा राहिला की मांड्या थरथरतात, चारही पाय पोटाखाली घेतो, सारखा भार बदलतो, वरचेवर आडवा होतो. त्याच्या मज्जारज्जूतील, स्नायूंना हुकूम देणाऱ्या चेतापेशी मरत असतात. या घोड्यांत एक समान धागा होता. बहुतेकांना महिनोन्महिने, काहींना वर्षानुवर्षे हिरवे कुरण मिळाले नव्हते, आणि रक्तातील ई जीवनसत्त्व अगदी खाली गेले होते.

यावर दोन आक्षेप येतात आणि दोन्हींना उत्तर द्यायला हवे. पहिला: दोन गोष्टी एकत्र दिसल्या म्हणून एक दुसरीचे कारण ठरत नाही. खरे आहे, आणि म्हणूनच कॉर्नेलमध्ये पुढे निरोगी घोड्यांना दीर्घकाळ ई जीवनसत्त्वाची उणीव असलेला आहार देऊन पाहण्यात आले. त्यांतल्या काहींना तोच आजार झाला. दुसरा आक्षेप अनुभवी पागेवाल्यांचा: आमचे घोडे जन्मभर वाळलेल्या गवतावर आहेत, त्यांना काही होत नाही. यकृत आणि चरबी यांत ई जीवनसत्त्वाचा साठा असतो, तो संपायला बराच काळ लागतो. आणि प्रत्येक घोडा सारखा नसतो. तरुण घोड्यांच्या विकारात घराण्याचा वाटा असतो हे मेह्यू यांच्या गटाने 1987 मध्येच दाखवले. बीज घराण्यात असते, पण कमतरता त्याला वाट करून देते. रक्त आपल्याला बदलता येत नाही, वैरण बदलता येते.

वैरणीचा हिशेब सरळ आहे. ताज्या हिरव्या गवतात ई जीवनसत्त्व भरपूर असते. कापून वाळवताना आणि गंजीत ठेवताना त्याचा मोठा भाग नष्ट होतो. ओट आणि हरभरा ऊर्जा देतात, पण अंगात टिकणारे अल्फा रूप त्यांत थोडेच. ऊर्जेसाठी चंदीवर तेल ओतले तर असंपृक्त मेद वाढतो आणि ई जीवनसत्त्वाची गरजही वाढते. अमेरिकेच्या नॅशनल रिसर्च कौन्सिलने 2007 मध्ये दिलेल्या मापाप्रमाणे दर किलो वजनाला रोज 1 ते 2 आंतरराष्ट्रीय एकके लागतात, म्हणजे 500 किलोच्या घोड्याला 500 ते 1000. नैसर्गिक रूप घोड्याच्या रक्तात कृत्रिम रूपापेक्षा चांगले चढते, म्हणून पुडक्यावर नुसता आकडा न पाहता रूपही पाहावे. सेलेनियम हे खनिज या जीवनसत्त्वाचे जोडीदार आहे, शिंगरांच्या स्नायूंचा एक आजार त्याच्या अभावाने होतो. पण दोन्ही एकाच इंजेक्शनात मिळतात म्हणून ते बेधडक टोचू नये. 2009 मध्ये फ्लोरिडात सेलेनियमचे प्रमाण चुकलेल्या मिश्रणाने पोलोचे 21 घोडे काही तासांत मेले.

पुण्या-मुंबईच्या शर्यतीच्या तबेल्यांत असो, वरातीच्या बग्गीला असो की माथेरानच्या चढावर, जो घोडा कुरण न पाहता आयुष्य काढतो त्याची गोष्ट हीच आहे. त्याला आधी रोज हिरवी लसूणघास किंवा ओले गवत द्या. ते बारमाही शक्य नसेल तर पशुवैद्याकडून रक्तातील पातळी तपासून घ्या आणि तेवढीच भरपाई करा. घोड्याला ई जीवनसत्त्व देणे हे त्याच्यावर उपकार नव्हे. आपण त्याला गवतावरून उचलून आणले, त्याचे ते देणे आहे.