केळुसकरांनी दिलेले पुस्तक

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९५६ च्या मार्च-एप्रिलमध्ये ‘द बुद्ध अँड हिज धम्म’ या ग्रंथासाठी प्रस्तावना लिहिली. बुद्धाकडे आपण कसे वळलो, या वारंवार विचारल्या जाणाऱ्या प्रश्नाला तिच्यात त्यांनी स्वतःच्या हाताने उत्तर दिले आहे. त्या उत्तरात एक सत्कारसभा येते आणि त्या सभेत एका शिक्षकाने एका मुलाला एक पुस्तक दिलेले असते. शिक्षकाचे नाव कृष्णराव अर्जुन केळुसकर. आंबेडकर त्यांचा उल्लेख ‘दादा केळुसकर’ असा करतात.

ही सभा महाराष्ट्रात हजार वेळा सांगितली गेली आहे. भाषणांत, पाठ्यपुस्तकांत, नाटकांत ती आली आणि प्रत्येक वेळी तिच्यात काहीतरी भर पडत गेली. म्हणून मूळ कागदांकडे परत जायला हवे. त्यात दोन कागद महत्त्वाचे आहेत : एक ही प्रस्तावना आणि दुसरे धनंजय कीरांचे १९५४ साली प्रसिद्ध झालेले आंबेडकर-चरित्र. ते दोन्ही जुळत नाहीत.

कीरांच्या चरित्राप्रमाणे सत्कार झाला तो १९०७ साली, भीमराव मॅट्रिक झाल्यावर. सभेचे अध्यक्ष होते सीताराम केशव बोले, म्हणजे पुढे १९२३ मध्ये मुंबईच्या विधिमंडळात सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करण्याचा ठराव आणणारे बोले. केळुसकर सभेला होते, त्यांनी आपले बुद्धचरित्र मुलाला भेट दिले. प्रस्तावना मात्र सांगते की प्रसंग इंग्रजी चौथी पास झाल्याचा होता आणि अध्यक्षस्थानी खुद्द केळुसकरच होते. वस्तीतल्या लोकांना सभा भरवायची होती. इतर समाजांच्या मानाने चौथी इयत्ता ही काही साजरी करण्याजोगी गोष्ट नव्हे, हे आंबेडकर स्वतःच नोंदवतात, पण आपल्या समाजातला या पायरीवर पोचलेला पहिला मुलगा म्हणून लोकांना त्याचे अप्रूप होते. वडील सुभेदार रामजी सकपाळ यांनी साफ नकार दिला. मुलाच्या डोक्यात हवा जाईल, केली काय तर एक परीक्षा पास केली, असे त्यांचे म्हणणे. मग मंडळी केळुसकरांकडे गेली. केळुसकर रामजींचे स्नेही होते. त्यांनी शब्द टाकला, रामजी नरमले आणि सभा झाली.

चौथी की मॅट्रिक? अध्यक्ष बोले की केळुसकर? पहिला मोह असा होतो की ज्याच्यावर प्रसंग गुदरला त्याचेच खरे धरावे. पण याच प्रस्तावनेत पुढे आंबेडकर लिहितात की कलकत्त्याच्या महाबोधी सोसायटीच्या नियतकालिकाने १९५१ साली वैशाख अंकासाठी आपल्याकडे लेख मागितला आणि त्या लेखातून या ग्रंथाची कल्पना निघाली. तो लेख छापील आहे आणि त्यावरचे साल १९५० आहे. सहा वर्षांपूर्वीच्या गोष्टीत जिथे एका वर्षाची चूक होते, तिथे जवळजवळ पन्नास वर्षांपूर्वीच्या इयत्तेबद्दल स्मरणावर भार टाकणे धोक्याचे आहे. लिहिणारा माणूस त्या वेळी मधुमेहाने खंगलेला होता, पायांनी अधू झालेला होता आणि ग्रंथ हातून पुरा होतो की नाही या घाईत होता, हेही विसरता येत नाही. उलट मॅट्रिकचा प्रसंग त्या काळाला अधिक साजेसा आहे. १९०७ मध्ये एल्फिन्स्टन हायस्कुलातून महार समाजातला मुलगा मॅट्रिक होणे ही परळच्या चाळींत खरोखर सभा भरवण्यासारखी बातमी होती. म्हणून माझा कौल सालापुरता १९०७ कडे आहे. अध्यक्ष कोण, याचा निकाल या दोन कागदांवरून लागत नाही आणि तो ओढूनताणून लावू नये.

पण दोन्ही साक्षी जिथे एकमेकींशी अडखळत नाहीत तो भाग पाहावा. सार्वजनिक सत्कार झाला, केळुसकर हजर होते, त्यांनी आपल्या हाताने पुस्तक दिले आणि ते पुस्तक गौतम बुद्धाचे चरित्र होते. एवढे पक्के आहे.

हे केळुसकर कोण? सिंधुदुर्गातल्या वेंगुर्ल्याजवळचे केळूस हे त्यांचे गाव, जन्म १८६० चा. मुंबईत विल्सन हायस्कुलात त्यांनी वर्षानुवर्षे शिकवले. नोकरी सांभाळून ते चरित्रे लिहीत राहिले. तुकारामबाबांचे चरित्र १८९६ मध्ये, ‘गौतमबुद्धाचे चरित्र’ १८९८ मध्ये, आणि शिवछत्रपतींचे भले मोठे चरित्र नेमके या सत्काराच्याच सुमारास. शिवचरित्राला पुढे इतकी मान्यता मिळाली की त्यावर आधारून न. स. टाकाखाव यांनी इंग्रजी ग्रंथ तयार केला. तो १९२१ मध्ये निघाला.

इथे मला थोडे थांबावेसे वाटते. केळुसकरांच्या नावावर त्या काळात तीन मोठी चरित्रे होती. सत्काराला जाताना त्यातले कोणतेही उचलता आले असते. शिवचरित्र ताजे होते आणि त्याचा अभिमान त्यांना असणारच. तुकोबा तर कबीरपंथी रामजींच्या घराला अधिक जवळचा. त्यांनी उचलले ते सुमारे नऊ वर्षांपूर्वीचे पुस्तक, ज्याच्या नायकाला त्या काळातल्या मुंबईत अनुयायी जवळजवळ नव्हते. त्यांच्या मनात काय होते हे कोणत्याही कागदावरून काढता येणार नाही. मात्र मुलगा जन्माने कोण आहे हे ठाऊक असलेल्या, बुद्धाचे आयुष्य स्वतः लिहिलेल्या माणसाने ही निवड सहज केली असेल, असे मानायला माझे मन तयार होत नाही.

दोघांची ओळख सभेआधीची होती. कीर सांगतात की संध्याकाळी शाळा सुटल्यावर भीमराव चर्नी रोडच्या बागेत पुस्तक घेऊन बसायचा आणि तिथे येणाऱ्या केळुसकरांच्या तो नजरेत भरला. इतर मुले खेळतात, हा वाचतो, म्हणून त्यांनी चौकशी केली आणि मग पुस्तके द्यायला सुरुवात केली. हा मुलगा त्यांच्या शाळेचा नव्हता. त्याचे नाव त्यांच्या हजेरीपटावर कधी लागले नाही. एल्फिन्स्टनच्या वर्गात फळ्यावर गणित सोडवायला त्याला बोलावले तेव्हा फळ्यामागे ठेवलेले आपले डबे विटाळतील म्हणून मुले धावली, हेही कीरांनीच लिहून ठेवले आहे. संस्कृत शिकायची इच्छा असून त्याला फारसी घ्यावी लागली. ज्या वर्गात त्याचे नाव होते तिथे हे चालले होते, आणि ज्याच्या वर्गात ते नव्हते तो शिक्षक बागेत त्याला पुस्तके आणून देत होता.

अर्थात केळुसकर एकटे नव्हते. साताऱ्याच्या शाळेच्या नोंदवहीत ७ नोव्हेंबर १९०० रोजी ‘भिवा रामजी आंबेडकर’ असे नाव दाखल आहे. आडनावाचे हे रूप तिथल्या आंबेडकर नावाच्या शिक्षकांच्या मायेतून आले, अशी आठवण खुद्द बाबासाहेबांनी सांगितली आहे. मधल्या सुट्टीत आपल्या शिदोरीतला घास ते मुलाला देत. गोलमेज परिषदेला निघताना या गुरुजींचे पत्र आले आणि आपण ते जपून ठेवले आहे, असेही त्यांनी सांगितले. शिक्षकांच्या आठवणी ते हातचे न राखता सांगत. म्हणून केळुसकरांबद्दलची त्यांची साक्ष केवळ उपचाराची मानता येत नाही.

पुस्तकानंतरचा टप्पा पैशाचा आहे आणि तो भावनेपेक्षा ठोस आहे. भीमराव एल्फिन्स्टन कॉलेजात गेला, पण इंटरनंतर रामजींचे हात टेकले. निवृत्त सुभेदाराची पेन्शन, मोठा संसार, परळची एका खोलीची जागा. केळुसकर मुलाला घेऊन बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड यांच्याकडे गेले. लायक अस्पृश्य विद्यार्थ्याला मदत करण्याची तयारी महाराजांनी आधीच बोलून दाखवली होती, त्या शब्दाची त्यांनी आठवण दिली. महाराजांनी मुलाला काही प्रश्न विचारले आणि दरमहा २५ रुपये मंजूर केले. या २५ रुपयांवर भीमराव १९१२ मध्ये बी.ए. झाला. बडोद्याशी जुळलेल्या याच संबंधातून ४ जून १९१३ चा करार आला. त्याने तीन वर्षांची परदेशची शिष्यवृत्ती दिली आणि परतल्यावर दहा वर्षे संस्थानची चाकरी करण्याची अट घातली. जुलैत आंबेडकर न्यूयॉर्कला पोचले. तिथल्या कोलंबिया विद्यापीठातल्या जॉन ड्यूई, सेलिगमन या प्राध्यापकांबद्दल आज जगभर लिहिले जाते आणि ते योग्यच आहे. त्या वर्गापर्यंत जाणाऱ्या वाटेची एक कडी मात्र एका शाळामास्तराने महाराजांपुढे टाकलेला शब्द ही आहे.

आता प्रस्तावनेतल्या सर्वांत मोलाच्या भागाकडे येतो. पुस्तक वाचून आपण भारावलो, एवढेच लिहून आंबेडकर थांबत नाहीत. ते वाचल्यावर आपल्या मनात वडिलांविषयी प्रश्न उभा राहिला, असे ते सांगतात. वडिलांनी आम्हाला बौद्ध वाङ्मय का दाखवले नाही? रोज रामायण-महाभारत का वाचायला लावले? मुलाने हे वडिलांना थेट विचारले. रामजींचे उत्तर असे की आपण अस्पृश्य, मुलांच्या मनात न्यूनगंड येण्याचा संभव. द्रोण-कर्णासारखी साध्या परिस्थितीतून वर आलेली माणसे, कोळी असून रामायण रचणारा वाल्मीकी, यांच्यामुळे तो जाईल. मुलाला त्यात काही तथ्य दिसले, पण समाधान झाले नाही. भीष्म, द्रोण, कृष्ण यांच्यातले कोणीच मला पटत नाही, असे त्याने सांगितले, रामाच्या वागण्यावरही बोट ठेवले. वडील गप्प राहिले. घरात बंड उभे राहिले आहे हे त्यांनी ओळखले.

या भागाचे महत्त्व असे की आंबेडकर पुस्तकाला सगळे श्रेय देत नाहीत. आपण कोऱ्या मनाने बुद्धाकडे गेलो नाही, आपल्याजवळ आधीचे वाचन होते, म्हणून तुलना करता आली, असे ते आवर्जून लिहितात. म्हणजे रामजींच्या त्या सक्तीच्या वाचनाचेही ऋण इथे नोंदले गेले आहे. केळुसकरांनी मुलाच्या हाती ताडून पाहण्यासाठी दुसरी बाजू दिली. शिक्षक याहून अधिक काय देऊ शकतो, मला सुचत नाही.

सत्कारसभेपासून १४ ऑक्टोबर १९५६ च्या नागपूरच्या धम्मदीक्षेपर्यंत एक सरळ रेघ ओढण्याची सवय आपल्याला लागली आहे. कागद तिला आधार देत नाहीत. १९२७ मध्ये महाडच्या सत्याग्रहाचे समर्थन करताना ‘बहिष्कृत भारता’त आंबेडकर गीतेचा आधार घेतात. १९३० मध्ये नाशिकच्या काळाराम मंदिराचे दार उघडावे म्हणून लढा होतो. बुद्धचरित्र वाचून वीस-बावीस वर्षे लोटल्यानंतरच्या या गोष्टी आहेत. मग तीसच्या दशकाच्या सुरुवातीला दादरच्या हिंदू कॉलनीत बांधलेल्या घराला ते ‘राजगृह’ म्हणतात, मगधाच्या त्या राजधानीवरून. येवल्याची धर्मांतराची घोषणा १९३५ ची. कॉलेजांची नावे ठेवताना १९४६ मध्ये सिद्धार्थ येतो आणि पुढे औरंगाबादेत मिलिंद. १९५४ मध्ये मुंबईच्या भाषणात ते आपले तीन गुरू सांगतात : बुद्ध, कबीर, फुले. केळुसकरांचे नाव त्यात नाही, आणि त्यात विसंगती नाही. गुरूची पहिली ओळख करून देणारा माणूस हे त्यांचे स्थान प्रस्तावनेने स्वतंत्रपणे ठरवले आहे. केळुसकर १९३४ मध्ये वारले, येवल्याच्या आदल्या वर्षी. आपण दिलेल्या पुस्तकाचे पुढे काय झाले हे त्यांना कधीच कळले नाही.

त्या प्रस्तावनेचाही एक इतिहास आहे. ५ डिसेंबर १९५६ च्या रात्री दिल्लीत अलीपूर रोडच्या घरी आंबेडकरांनी आपले सहायक नानकचंद रत्तू यांच्याकडून तिचा टंकलिखित मसुदा मागवून घेतला, पुन्हा एकदा नजर फिरवण्यासाठी. दुसऱ्या दिवशी सकाळी ते गेलेले आढळले. १९५७ मध्ये ग्रंथ प्रसिद्ध झाला, पण ही प्रस्तावना त्यात छापली गेली नाही. पत्नी सविताबाई आणि डॉ. मालवणकर यांनी आपले आयुष्य वाढवले, असे ऋणही तिच्यात नोंदलेले होते. १९८० मध्ये भगवान दास यांनी आंबेडकरांच्या दुर्मिळ प्रस्तावना एकत्र करून छापल्या तेव्हा ती सर्वांसमोर आली. मधल्या तेवीस वर्षांत केळुसकरांची कथा लोकांना ठाऊक होती ती मुख्यतः चरित्रकारांच्या शब्दांत. इंग्रजी चौथी, वडिलांचा नकार, केळुसकरांची मध्यस्थी, त्यानंतरचा बाप-लेकाचा संवाद, हे सारे त्या न छापलेल्या पानांत पडून होते. दोन साक्षींची गाठ लेखकाच्या हयातीत पडली नाही, आणि चौथी की मॅट्रिक हा प्रश्न कोणाला बाबासाहेबांसमोर ठेवता आला नाही.