तुरुंगातील आरोग्य-संशोधन (नैतिक बाजू)

बंदिवानांवर किंवा त्यांच्या सहभागाने केलेले वैद्यकीय संशोधन व त्याचे नीतिनियम. महाराष्ट्रातील गाजलेले उदाहरण मुंबईच्या भायखळा तुरुंगातील आहे. ग्रँट मेडिकल कॉलेजात प्लेगची लस बनवणाऱ्या वाल्डेमार हाफकिन यांनी १० जानेवारी १८९७ रोजी ती प्रथम स्वतःला टोचून घेतली. त्याच महिन्याअखेरीस तुरुंगात प्लेग शिरला, तेव्हा स्वेच्छेने पुढे आलेल्या सुमारे दीडशे कैद्यांना ती टोचण्यात आली. अन्न, निवारा व दिनक्रम सर्वांचा सारखाच असल्याने न टोचलेल्या कैद्यांशी तुलना सोपी झाली. टोचलेल्यांत रोग बराच कमी आढळला. लस उपयोगी ठरली, पण कोठडीत साथ पसरलेली असताना दिलेला होकार कितपत मोकळा होता, हा प्रश्न उरतोच.

न्यूरेंबर्ग संहितेने (१९४७) ऐच्छिक संमती अनिवार्य मानली. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेची २०१७ची मार्गदर्शक तत्त्वे कैद्यांना असुरक्षित गटात धरतात. बाहेरच्या लोकांवर होऊ शकणारे संशोधन केवळ सोयीसाठी तुरुंगात नेणे अनुचित ठरते. क्षयरोग, एचआयव्ही, मानसिक आजार अशा तुरुंगात विशेष जाणवणाऱ्या प्रश्नांचा अभ्यास मात्र समर्थनीय असतो.

अधीक्षकाची परवानगी म्हणजे कैद्याची संमती नव्हे. नीतिसमितीची मान्यता, कैद्याच्या भाषेतील माहितीपत्रक आणि नकार दिल्यास उपचार वा भेटी न रोखण्याची हमी आवश्यक असते. शिक्षेत सूट मिळेल असे आमिष दाखवता येत नाही. देशातील बहुसंख्य बंदी कच्चे कैदी असल्याने गोपनीयतेला अधिक महत्त्व येते: व्यसन वा हिंसेविषयीचे उत्तर खटल्यात त्यांच्याविरुद्ध जाऊ शकते. जामीन वा बदली झाल्यास पाठपुरावाही तुटतो.