विद्यापीठाचे सामने टीव्हीवर का दिसत नाहीत? येवल्याच्या मैदानापासून डीडी स्पोर्ट्सपर्यंतची साखळी

1 मार्च 2020. भुवनेश्वरमध्ये पहिल्या खेलो इंडिया युनिव्हर्सिटी गेम्सचा शेवटचा दिवस होता. पदकतालिकेत वरच्या दोन्ही विद्यापीठांची सुवर्णपदकं सारखीच होती, प्रत्येकी 17. चंदीगडच्या पंजाब विद्यापीठाकडे रौप्यपदकं 19 होती आणि सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाकडे 11. त्यामुळे करंडक चंदीगडला गेला आणि पुणे दुसरं आलं.

स्टार स्पोर्ट्स आणि डीडी स्पोर्ट्सवर या स्पर्धेचं प्रक्षेपण होतं. तरीही आपलं विद्यापीठ देशात दुसरं आलं, आणि तेही इतक्या थोडक्यात हुकलं, हे पुणे, नाशिक आणि नगर जिल्ह्यांतल्या किती विद्यार्थ्यांना माहीत आहे? येवल्याच्या एखाद्या कॉलेजच्या कट्ट्यावर विचारून बघा. आयपीएलचा कुठलाही जुना अंतिम सामना ओव्हरसकट सांगणारे भेटतील, पण हे सांगणारा क्वचितच.

दोष फक्त प्रेक्षकांचा नाही. कॅमेरा कुठे उभा राहतो, ते आधी बघायला हवं.

कॅमेरा शेवटच्या पायरीवर

येवल्यातली कॉलेजं पुणे विद्यापीठाशी संलग्न आहेत. इथली एखादी कबड्डी खेळणारी मुलगी विद्यापीठाच्या जर्सीपर्यंत कशी पोहोचते? आधी कॉलेजचा संघ. मग नाशिक विभागातल्या आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा. तिथून विभागाच्या संघात निवड, मग पुणे शहर, पुणे जिल्हा, नगर आणि नाशिक या विभागांमधली आंतरविभागीय स्पर्धा. त्यातून विद्यापीठाचा संघ ठरतो. तो पश्चिम विभागात इतर विद्यापीठांशी खेळतो, पुढे अखिल भारतीय आंतरविद्यापीठ स्पर्धेत जातो. या स्पर्धा एआययू, म्हणजे भारतीय विद्यापीठांचा संघ, भरवतो. सांघिक खेळात तिथले पहिले आठ संघ खेलो इंडियाला पात्र ठरतात.

टीव्ही येतो तो या आठ संघांच्या वेळी. त्याच्या खालच्या पायऱ्यांवर शेकडो सामने होतात. निवड तिथेच होते, हरणारेही तिथेच हरतात. पण त्याची नोंद म्हणजे स्कोअरशीट आणि दुसऱ्या दिवशीच्या पेपरात, आलीच तर, चार ओळी.

याचा तोटा खेळाडूला होतो. क्लबचा प्रशिक्षक किंवा एखादी कंपनी 'खेळताना बघू' म्हणाली, तर दाखवायला प्रमाणपत्र असतं, व्हिडिओ नसतो. घरच्यांनीही लेकीला मैदानावर खेळताना पाहिलेलं नसतं. येवल्याहून नाशिक ऐंशी-पंच्याऐंशी किलोमीटर आणि पुणे दोनशेच्या वर. आठवड्याच्या मधल्या दिवशी सकाळी नऊला असलेल्या सामन्यासाठी आईबापांनी जायचं कसं?

शेजारच्या चांदवड तालुक्यातली धावपटू संजीवनी जाधव हिचं उदाहरण बोलकं आहे. 2017 मध्ये तैपेईला झालेल्या जागतिक विद्यापीठ स्पर्धेत तिने 10,000 मीटर शर्यतीत रौप्यपदक मिळवलं. त्या स्पर्धेत भारताला मिळालेलं ते एकमेव पदक. बातमी सगळ्यांनी वाचली, पण ती शर्यत पाहिलेला माणूस नाशिक जिल्ह्यातही शोधावा लागेल.

मग टीव्हीवाले का येत नाहीत?

सरळ कारण पैशाचं. चॅनेलच्या दर्जाचं थेट प्रक्षेपण म्हणजे ओबी व्हॅन, पाच-सात कॅमेरे, स्लो मोशनची यंत्रणा, ग्राफिक्स, समालोचक आणि सिग्नल वर पाठवायचा खर्च. जाहिरातदार तो देतो, पण प्रेक्षक असतील तरच. आणि प्रेक्षक येणार दिसलं तर! हे कोडं प्रत्येक छोट्या खेळाच्या वाट्याला येतं.

अनेकांना वाटतं की दूरदर्शनला हे दाखवणं कायद्याने बंधनकारक आहे. तसं नाही. 2007 चा क्रीडा प्रक्षेपण कायदा फक्त 'राष्ट्रीय महत्त्वाच्या' म्हणून जाहीर झालेल्या स्पर्धांना लागू होतो. अशा स्पर्धांचे हक्क खासगी चॅनेलकडे असतील, तर त्याने सिग्नल प्रसार भारतीला द्यायचा असतो आणि टीव्हीवरच्या जाहिरातींचं उत्पन्न 75:25 वाटलं जातं. आंतरमहाविद्यालयीन कबड्डीचा त्याच्याशी संबंध नाही.

कोडं सुटू शकतं, हे कबड्डीनेच दाखवलं. 2014 मध्ये प्रो कबड्डी लीग सुरू झाली तेव्हा 'हा खेळ टीव्हीवर कोण बघणार' असं म्हणणारे कमी नव्हते. मॅट, दिवे, 30 सेकंदांच्या चढाईचं घड्याळ आणि चांगले कॅमेरे आले आणि गावातल्या खेळाला प्राइम टाइम मिळाला. 2022 मध्ये अल्टिमेट खो खो लीग पुण्यात झाली. प्रेक्षक होतेच, त्यांना नीट दाखवायला कोणी गेलं नव्हतं.

अमेरिकेत उलटा प्रश्न होता

अमेरिकेत विद्यापीठांचे फुटबॉल सामने बघायला लोक उत्सुक होते, पण दाखवायला परवानगी नव्हती. एनसीएए ही कॉलेज खेळांची नियामक संस्था, तिने 1950 च्या दशकापासून टीव्हीवरच्या सामन्यांवर मर्यादा घातली होती. लोक घरी बसून बघतील आणि स्टेडियम ओस पडेल, ही भीती. ओक्लाहोमा आणि जॉर्जिया विद्यापीठं कोर्टात गेली. 1984 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने 7 विरुद्ध 2 मतांनी ही मर्यादा रद्द केली.

त्यानंतर दारं उघडली. 2007 मध्ये 'बिग टेन' गटातल्या विद्यापीठांचं स्वतःचं चॅनेल आलं. 2011 मध्ये टेक्सास विद्यापीठाने ईएसपीएनबरोबर एकट्यासाठी चॅनेल काढलं, करार 20 वर्षांचा आणि 30 कोटी डॉलरचा. ते मुदतीआधीच, 2024 मध्ये बंद झालं, कारण टेक्सास दुसऱ्या गटात गेलं. या सगळ्या पैशातून खेळाडूंना थेट वाटा द्यायला विद्यापीठांना परवानगी मिळाली ती मात्र थेट 2025 मध्ये, खटल्यातल्या तडजोडीनंतर.

भारतात त्याची नक्कल होणार नाही. तिथे माजी विद्यार्थी पन्नास वर्षं आपल्या कॉलेजचा टी-शर्ट घालून सामन्याला जातात, इकडे निकाल लागला की विद्यापीठाशी संबंध मार्कशीटपुरता उरतो.

एक मोबाइल, एक स्टँड

खालच्या पायऱ्यांवर टीव्हीची वाट बघत बसण्यात अर्थ नाही. पुरुषांच्या कबड्डीचं मैदान 13 बाय 10 मीटर, खो-खोचं 27 बाय 16. कबड्डीचा पूर्ण सामना गच्चीवरून किंवा उंच स्टँडवरून एका मोबाइलमध्ये मावतो. खो-खोला कॅमेरा थोडा मागे न्यावा लागतो. क्रिकेट आणि मैदानी शर्यतींना मात्र एक कॅमेरा पुरत नाही.

यूट्यूबवर मोबाइलवरून थेट प्रक्षेपण करायला चॅनेलचा फोन नंबर पडताळलेला हवा आणि किमान 50 सबस्क्रायबर हवेत. पहिल्यांदा सुविधा सुरू केल्यावर ती मिळायला 24 तासांपर्यंत वेळ लागू शकतो, त्यामुळे सामन्याच्या सकाळी चॅनेल काढून उपयोग नाही. मैदानावर लाउडस्पीकरवर सिनेमाची गाणी लावली तर कॉपीराइटचा दावा येतो आणि प्रक्षेपण मधेच बंदही पडू शकतं. हलगी वाजवा, कोणी अडवणार नाही.

परवानगीचं काय? स्पर्धा भरवणारं कॉलेज आणि विद्यापीठाचा क्रीडा विभाग यांना आधी लेखी विचारणं योग्य. खेळाडूंनाही विचारायचं असतं, हे बहुतेक जण विसरतात. मुलींच्या सामन्यातले दोन-चार सेकंद कापून रील करणारे आणि त्याखाली घाणेरडं लिहिणारे सगळीकडे असतात. कॉमेंट बंद ठेवता येतात, आणि कॅमेरा उंचावर, लांब ठेवला की जवळून घेतलेली दृश्यं मिळतच नाहीत.

शेवटचं काम सर्वांत सोपं, आणि तेच होत नाही. व्हिडिओला 'ग्रेट मॅच' असं नाव देऊन टाकलं तर तो पुन्हा सापडत नाही. खेळ, गट, दोन्ही संघ, फेरी, ठिकाण आणि तारीख शीर्षकात हवी, आणि खालच्या माहितीत जर्सी क्रमांकांसकट संघाची यादी, अर्थात खेळाडूंची हरकत नसेल तर. म्हणजे दोन वर्षांनी कोणी 'सात नंबरची मुलगी कशी खेळते' विचारलं, तर लिंक पाठवता येते.