हायचेअर, परवडणारी : पिस्कॅटवे (न्यू जर्सी)

हायचेअर : सुमारे सहा महिने ते तीन वर्षे वयाच्या मुलाला जेवणाच्या टेबलाच्या उंचीवर बसवून भरवता यावे, यासाठी केलेली, स्वतःच्या पायांवर उभी राहणारी खुर्ची. अमेरिकी मानकानुसार जिची बैठक जमिनीपासून १५ इंचांहून (सुमारे ३८ सेंमी.) अधिक उंच असते आणि जी तीन वर्षांपर्यंतच्या मुलासाठी असते, ती हायचेअर. बैठक, पाठ, समोरचा ट्रे, कमरेचा पट्टा, दोन मांड्यांच्या मध्ये येणारी खुंटी आणि पाय टेकण्याची फळी हे तिचे मुख्य भाग होत. प्रस्तुत नोंदीत पिस्कॅटवे व आसपासच्या मराठी कुटुंबांच्या दृष्टीने कमी किमतीची खुर्ची कशी पारखावी, याचा विचार केला आहे.

स्थळ : पिस्कॅटवे हे न्यू जर्सी राज्याच्या मिडलसेक्स परगण्यातील, रॅरिटन नदीकाठचे गाव. वसाहत १६६६ची, लोकसंख्या ६०,८०४ (२०२०). रटगर्स विद्यापीठाचे बुश व लिव्हिंग्स्टन हे विभाग येथे आहेत. शेजारच्या एडिसनमधून जाणारा ओक ट्री रोड ही भारतीय किराणा, मिठाई व कपड्यांची मोठी बाजारपेठ आहे. परिसरात भाड्याने राहणारी तरुण भारतीय कुटुंबे पुष्कळ आहेत. त्यांची स्वयंपाकघरे बहुधा लहान असल्याने खुर्ची किती जागा अडवते, या प्रश्नाला येथे महत्त्व आहे.

पूर्वपीठिका : महाराष्ट्रात मूल पहिले अन्न खाते ते मांडीवर. उष्टावणाच्या दिवशी मामा किंवा आजोबा बाळाला मांडीवर घेऊन खीर चाटवतात. पुढेही मऊ भात, मुगाची खिमटी, नाचणीचे सत्त्व हे सारे आजीच्या मांडीवर किंवा जमिनीवर पाटाजवळ बसवूनच भरवले जाते. पाळणा आणि पांगुळगाडा ही बालकांची परंपरागत साधने. जेवणासाठी वेगळी खुर्ची नव्हती. युरोपात मुलांच्या उंच खुर्च्या सतराव्या शतकापासून आढळतात. टेबलावर जेवण्याची रीत जेथे होती, तेथे ही खुर्ची आली. अमेरिकेतील मराठी घरांत उष्टावण मांडीवर आणि रोजचे जेवण खुर्चीत, अशी दोन्ही रीतींची सांगड सहज घातली जाते.

प्रकार व किमती : बाजारात पाच प्रकार आढळतात. (१) एकसंध प्लास्टिकची बैठक व काढता येणारे चार पाय असलेली साधी खुर्ची. आयकियाची अँटिलोप हे तिचे सर्वांत परिचित उदाहरण; किंमत २० ते ३० डॉलरच्या घरात. (२) धातूच्या चौकटीची, गादी असलेली, घडी होणारी खुर्ची. साधारण ५० ते १०० डॉलर. (३) मुलाबरोबर वाढणारी लाकडी खुर्ची. हिचा मूळ नमुना म्हणजे नॉर्वेच्या पीटर ऑप्सविक यांनी १९७२ साली रचलेली ट्रिप ट्रॅप. तिची किंमत कित्येक पट जास्त आहे; त्याच धर्तीच्या इतर लाकडी खुर्च्या शंभर-दीडशे डॉलरपर्यंत मिळतात. (४) मोठ्यांच्या खुर्चीला पट्ट्यांनी बांधायचे बूस्टर आसन. (५) टेबलाच्या कडेला अडकवायचे आसन. शेवटचे दोन प्रकार व्याख्येनुसार हायचेअर नव्हेत. त्यांची संघीय मानके स्वतंत्र आहेत : अडकवायच्या आसनांचे २०१६पासून, बूस्टरचे २०२२पासून लागू. बूस्टर स्टुलावर बांधू नये. काचेच्या किंवा एकाच मधल्या खांबावर उभ्या असलेल्या टेबलाला आसन अडकवू नये.

कायदा व मानके : खरेदीदाराच्या दृष्टीने या विषयातील सर्वांत महत्त्वाची तारीख १९ जून २०१९ ही आहे. त्या दिवसापासून अमेरिकेत हायचेअरसाठीचे सक्तीचे संघीय मानक लागू झाले. त्यापूर्वी एएसटीएम या संस्थेचे एफ-४०४ हे मानक ऐच्छिक होते. ते पाळणे उत्पादकाच्या मर्जीवर अवलंबून असे.

या सक्तीमागे एका मुलाचा मृत्यू आहे. १९९८ साली शिकागोत डॅनी केसार हा दीड वर्षाचाही न झालेला मुलगा पाळणाघरातील घडीच्या खाटेत दगावला. खाट कोसळून तिच्या कडा त्याच्या गळ्याभोवती मिटल्या होत्या. ती खाट पाच वर्षांपूर्वीच सदोष म्हणून परत मागवली गेली होती, पण ही गोष्ट वापरणाऱ्यांपर्यंत पोहोचलीच नव्हती. त्याच्या आईवडिलांनी ‘किड्स इन डेंजर’ ही संस्था स्थापून पाठपुरावा केला. २००८च्या ग्राहक उत्पादन सुरक्षा सुधारणा कायद्यातील कलम १०४ला त्या मुलाचे नाव आहे. या कलमाने ग्राहक उत्पादन सुरक्षा आयोगावर बालकांच्या टिकाऊ वस्तूंची सक्तीची मानके ठरवण्याची जबाबदारी टाकली. हायचेअरचा नियम २०१८ साली जाहीर झाला आणि वर्षभराने अमलात आला.

नियमाचा आशय थोडक्यात असा : खुर्ची पुढे, बाजूला व मागे कलंडता कामा नये, आणि त्याची चाचणी झाली पाहिजे. पट्टा कमरेभोवती व दोन पायांमधून जाणारा असला पाहिजे. पट्टा लावायचा राहिला तरी मूल खाली घसरू नये म्हणून मधली खुंटी हवी. घडीची खुर्ची आपोआप मिटता कामा नये. मागे कलंडण्याच्या चाचणीला विशेष अर्थ आहे, कारण मूल पायाने टेबलाला रेटा देते आणि खुर्चीसह मागे जाते.

याखेरीज मुलांच्या सर्वच उत्पादनांना लागू असलेले नियम आहेत : मुलाच्या हाती लागू शकणाऱ्या भागांत शिसे दशलक्षांत १०० भागांपेक्षा अधिक नसावे, चाचणी तटस्थ प्रयोगशाळेत व्हावी, उत्पादनाचे ठिकाण व तारीख सांगणारी कायमची खूण वस्तूवर असावी. अशा टिकाऊ वस्तूसोबत टपालखर्च भरलेले नोंदणीपत्रही द्यावे लागते. त्यावरून उत्पादकाला खरेदीदाराची नोंद किमान सहा वर्षे ठेवावी लागते. वस्तू परत मागवली गेली तर त्याच पत्त्यावर कळवले जाते.

हे नियम २५ डॉलरच्या आणि ३०० डॉलरच्या खुर्चीला सारखेच लागू आहेत. स्वस्त खुर्ची घेणाऱ्या आईवडिलांच्या मनात अपराधभाव असतो. तो बाळगण्याचे कारण नाही, हे या कायद्यावरून स्पष्ट व्हावे.

अपघात : कोलंबस (ओहायो) येथील नेशनवाइड बालरुग्णालयाच्या संशोधकांनी २०१३ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार, २००३ ते २०१० या काळात हायचेअरशी संबंधित दुखापतींमुळे तीन वर्षांपर्यंतची सरासरी ९,४००हून अधिक मुले दरवर्षी अमेरिकेतील तातडीच्या उपचार विभागांत आणली गेली. त्यांतील बहुसंख्य पडून जखमी झाली होती. पडण्याआधी काय घडले हे जेथे नोंदलेले होते, तेथे बहुतेक मुले खुर्चीत उभी राहत होती किंवा चढत होती. म्हणजेच पट्टा लावलेला नव्हता, किंवा लावूनही तो निष्प्रभ ठरला होता.

परत मागवलेल्या खुर्च्या : २०१० हे वर्ष लक्षणीय आहे. मार्चमध्ये ग्रॅको कंपनीच्या हार्मनी नमुन्याच्या सुमारे १२ लाख खुर्च्या पायांच्या जोडणीतील दोषामुळे, तर सप्टेंबरमध्ये फिशर-प्राइसच्या सुमारे साडेनऊ लाख खुर्च्या मागील पायांवरच्या खुंट्यांमुळे मुलांना जखमा होत असल्याने परत मागवल्या गेल्या. दोन्ही नावे नामांकित आहेत. नाव मोठे म्हणून तपासणी सोडू नये, एवढाच याचा अर्थ.

बाजारपेठ : बालकांच्या सामानाच्या व्यापारात न्यू जर्सीचे स्थान मोठे आहे. चार्ल्स लॅझरस यांनी १९४८ साली वॉशिंग्टनमध्ये बालकांच्या फर्निचरचे एक दुकान काढले. त्यातून वाढलेल्या टॉइज आर अस कंपनीचे मुख्यालय पुढे न्यू जर्सीतील वेन येथे होते. २०१८ साली तिची अमेरिकेतील दुकाने बंद झाली. १९९६ साली सुरू झालेली बाय बाय बेबी ही दुकानसाखळी २००७ साली युनियन (न्यू जर्सी) येथील बेड बाथ अँड बियाँड कंपनीने घेतली. एप्रिल २०२३मध्ये त्या कंपनीने दिवाळखोरीचा अर्ज केला.

यानंतर पिस्कॅटवे या व्यापाराच्या बातम्यांत आले. बालकांच्या कमी किमतीच्या खाटा, खुर्च्या व गाड्या विकणारी ड्रीम ऑन मी ही कंपनी याच गावची. तिने २०२३च्या लिलावात बाय बाय बेबीचे नाव व तत्संबंधी हक्क १ कोटी ५५ लाख डॉलरना विकत घेतले, शिवाय अकरा दुकानांच्या जागाही घेतल्या. त्याच वर्षाच्या शरद ऋतूत ईशान्य अमेरिकेत ही दुकाने पुन्हा उघडली. मात्र ऑक्टोबर २०२४मध्ये सर्व दुकाने बंद करून केवळ ऑनलाइन विक्री ठेवण्याचा निर्णय जाहीर झाला.

या घडामोडींचा ग्राहकावर थेट परिणाम झाला. मूल खुर्चीत बसवून पाहता येईल, पट्ट्याचे बकल स्वतःच्या बोटांनी उघडून पाहता येईल, अशी खास बालकांची दुकाने कमी झाली. आता टार्गेट व वॉलमार्टसारखी सर्वसाधारण दुकाने आणि एलिझाबेथ येथील आयकिया हे मुख्य पर्याय उरतात. एलिझाबेथ पिस्कॅटवेहून वीसेक मैलांवर आहे. न्यू जर्सीचा विक्रीकर ६.६२५ टक्के आहे. एलिझाबेथच्या नागरी उद्योग क्षेत्रातील पात्र दुकानांत तो निम्मा लागतो.

निवडीचे निकष : किमतीनंतर पुढील बाबी या क्रमाने पाहाव्यात.

बूड : खालचे पाय बैठकीपेक्षा रुंद पसरलेले असावेत. रिकाम्या खुर्चीची पाठ मागे ढकलून पाहावी. चाके असल्यास ती अडकवता आली पाहिजेत. लहान स्वयंपाकघरात चाके नसलेली खुर्ची बरी. खुर्ची टेबल व भिंतीपासून इतकी दूर ठेवावी की मुलाचे पाय तेथे पोहोचणार नाहीत.

पट्टा : तीन ठिकाणी अडकणारा पुरेसा असतो, चळवळ्या मुलाला खांद्यांवरून येणारा पाच ठिकाणचा पट्टा अधिक उपयोगी. बकल मुलाला उघडता येऊ नये, पण मोठ्यांना सहज उघडता यावे. भारतातून काही महिन्यांसाठी आलेले आजी-आजोबाच पुष्कळ घरांत दुपारचे जेवण भरवतात. बकल त्यांच्या हातून लागते का, हे त्यांनाच लावायला सांगून पाहावे. ज्यांना ते जड जाते ते लावायचे सोडून देतात, आणि अपघात तेथेच होतो.

पाय टेकण्याची फळी : कंबर, गुडघे व घोटे काटकोनाच्या जवळपास राहिले आणि तळवे टेकले की धड स्थिर होते, मान सावरते, आणि चावणे-गिळणे सोपे जाते. लोंबकळत्या पायांचे मूल चुळबुळ करते, घसरते. ते जेवत नाही असा समज होतो, वस्तुतः त्याला आधार नसतो. सर्वांत स्वस्त खुर्च्यांत बहुधा ही फळी नसते. ती वेगळी विकत मिळते. २५ डॉलरच्या खुर्चीला फळी जोडली की ती आपल्या दुप्पट किमतीच्या, फळी नसलेल्या खुर्चीपेक्षा सरस ठरते. गादी, खेळण्यांची कमान, पाठ मागे करण्याच्या पाच पायऱ्या यांवर पैसे घालण्याआधी हा खर्च करावा.

ट्रे : मुलाच्या कोपराच्या उंचीला असावा. हनुवटीजवळ येणारा ट्रे असेल तर हात वर उचलून खावे लागते. ट्रे हे मुलाला रोखून धरण्याचे साधन नव्हे. ते काम पट्ट्याचे.

स्वच्छता : वरण, तूप आणि हळद यांची कसोटी कठोर असते. कापडी गादीच्या शिवणींत भात अडकतो आणि आंबतो; एकसंध प्लास्टिकची बैठक न्हाणीघरात नेऊन धुता येते. पांढऱ्या ट्रेवरील हळदीचा डाग घासून जात नाही, पण हळदीचा रंग प्रकाशात विरतो. ट्रे धुऊन उन्हात ठेवल्यास डाग फिका पडतो.

वापरलेली खुर्ची : ओळखीच्या कुटुंबांत खुर्ची एका घरातून दुसऱ्या घरात जाते, खर्च वाचवण्याचा हा चांगला मार्ग आहे. खुर्चीखालची तारीख पाहावी. जून २०१९नंतरची असल्यास निश्चिंती अधिक. नमुन्याचे नाव व क्रमांक ग्राहक उत्पादन सुरक्षा आयोगाच्या परत मागवलेल्या वस्तूंच्या यादीत तपासावा. परत मागवलेली वस्तू विकणे, जुन्या वस्तूंच्या दुकानातूनही, बेकायदेशीर आहे. पट्टा मूळचाच व अखंड असावा. दोरी किंवा ओढणी बांधून चालवून घेऊ नये.

केव्हा : सुमारे सहा महिन्यांनंतर, मान धरून थोड्या आधाराने बसू लागल्यावर. नेमका महिना मुलागणिक बदलतो.

मतभेद : मुलाला चमच्याने भरवावे, की ट्रेवर ठेवलेले अन्न त्याने स्वतः उचलून खावे, याबाबत एकमत नाही. दुसऱ्या पद्धतीचा प्रसार ब्रिटनच्या गिल रॅपली यांनी केला. दोन्हींत सरळ बसणे आवश्यक आहे.

मूल्यमापन : पिस्कॅटवेसारख्या ठिकाणी, जेथे घरभाडे व पाळणाघराचा खर्चच मोठा असतो, तेथे साधी, २०१९नंतरची, रुंद बुडाची प्लास्टिकची खुर्ची व तिला जोडलेली पाय टेकण्याची फळी हा सर्वांत योग्य पर्याय होय. महाग खुर्ची अनेक वर्षे वापरता येते हे खरे, पण तिने मूल अधिक सुरक्षित होत नाही. नोंदणीपत्र त्याच दिवशी भरून पाठवावे, पट्टा प्रत्येक जेवणाला लावावा आणि मूल खुर्चीत असेपर्यंत कोणीतरी मोठे माणूस त्याच्या हाताच्या अंतरावर असावे. या तीन गोष्टींना पैसे लागत नाहीत, आणि त्या कोणत्याही किमतीच्या खुर्चीच्या बाबतीत टाळता येत नाहीत.